कवेलूखालचा बॉम्बार्डियर भुंगेरा

रोवणीच्या हंगामात भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या ओलसर धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं) जुनं कवेलू (छपराचं मातीचं कौल) उचललं, की खाली गोम, रातकिडे, गांडुळं यांच्या जोडीला पिवळ्या डागांचे काळे भुंगेरे एकमेकांना खेटून बसलेले सापडतात. उजेड पडताच ते चहूकडे पळतात. त्यातला एखादा चिमटीत धरला तर ‘फट्’ असा बारीक पण स्पष्ट आवाज येतो, वाफेचा पुसट ढग दिसतो आणि बोटाला चटका बसतो. हात झटकेपर्यंत दुसरा बार, तिसरा बार. थोड्या वेळाने कातडीवर तपकिरी डाग उमटतो आणि तो साबणाने निघत नाही.

हा बॉम्बार्डियर भुंगेरा. ‘अंगावर ॲसिड टाकणारा किडा’ म्हणून तो दिसला की ठेचला जातो. पावसाळ्यात अंगावर उठणारे फोड आणि चट्टे बहुतेक दुसऱ्याच दोन किड्यांमुळे येतात आणि मार मात्र याला बसतो. म्हणून तो ओळखायचा कसा, त्याच्या पोटात नेमकं काय घडतं, चटका बसला तर काय करायचं आणि धुऱ्यावर त्याला का राहू द्यायचं, हे सगळं इथे एकत्र लिहिलं आहे.

ओळख

जमिनीवर पळून शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांचं एक मोठं कुळ आहे, कॅराबिडी. बॉम्बार्डियर त्यातलाच. आपल्याकडे दिसणारे फेरोप्सोफस या गटातले. लांबी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, पाय पिवळे, डोकं बहुधा पिवळसर-तांबूस, पाठीवरची कवचं काळी आणि त्यांवर पिवळे डाग. जातीप्रमाणे डागांचा आकार बदलतो, त्यामुळे डागांवर फार विसंबू नये. पक्की खूण कवचाच्या टोकाला असते. इतर बहुतेक भुंगेऱ्यांची कवचं पोटाच्या टोकापर्यंत पोचून निमुळती होतात. याची कवचं मागे सरळ कापल्यासारखी संपतात आणि पोटाचं टोक उघडं राहतं. ते टोक म्हणजेच त्याच्या तोफेचं तोंड.

दिवसा तो दगडाखाली, कवेलूखाली, कुजक्या लाकडाखाली, भेगांमध्ये असतो, बहुतेकदा घोळक्याने. रात्री बाहेर पडतो आणि छोटे किडे, मेलेले किडे, अंडी जे मिळेल ते खातो. ओल त्याला हवीच. म्हणून धानाच्या पट्ट्यात बांध्यांचे (पाणी धरणाऱ्या शेततुकड्यांचे) धुरे, बोडीचा (लहान तळ्याचा) काठ, मालगुजारी तलावाची पाळ आणि पाटाच्या कडा इथे आधी शोधावं. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत शोधायचं तर नाल्याकाठी आणि विहिरीच्या पाटाजवळ जास्त आशा.

याच कुळातले आणखी दोन भाऊबंद रसायनं बाळगतात आणि विदर्भातल्या माणसाने तेही ओळखावेत. एक सहा ठिपक्यांचा, अँथिया सेक्सगुटाटा. चार सेंटिमीटरच्या आसपास, काळाकुट्ट, छातीच्या भागावर दोन आणि पाठीवर चार पांढरे ठिपके. मुरमाड रानात, सागाच्या पाचोळ्यात हा पायी फिरताना दिसतो, कारण त्याला उडता येत नाही. तो स्फोट वगैरे करत नाही, थेट फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. मुंगीच्या अंगात असतं तेच आम्ल, पण एवढ्या मोठ्या किड्याकडे साठाही मोठा. या कुळातल्या गॅलेरिटा लेकॉन्टाय नावाच्या अमेरिकी भुंगेऱ्याच्या फवाऱ्यात 80 टक्के फॉर्मिक आम्ल मोजलं गेलं आहे, यावरून या रसायनाच्या ताकदीची कल्पना यावी. सहा ठिपक्यांचा दिसला की मोबाईल घेऊन तोंडाजवळ जायचं नाही. हातभर अंतरावरून झूम करावं. दुसरा क्लीनियस, हिरवट-काळा, अंगावर मखमली लव. हाताळला की फिनाईलसारखा उग्र वास सोडतो, कारण त्याच्या स्रावात क्रेसॉल असतं. वासापलीकडे त्याचा त्रास नाही.

पोटातली रचना

या किड्याची खरी गंमत इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पोटाच्या मागच्या टोकाशी दोन ग्रंथी असतात, डावी आणि उजवी, आणि त्या स्वतंत्र काम करतात. प्रत्येक ग्रंथीला दोन खोल्या. आतली खोली साठवणीची. ती लवचीक पिशवीसारखी असते, तिच्याभोवती स्नायू असतात आणि तिच्यात पाण्यात विरघळलेली दोन द्रव्यं एकत्र राहतात: हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडचं प्रमाण सुमारे 25 टक्के. जखम धुवायला मेडिकलमध्ये मिळतं ते 6 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे किड्याजवळचं चौपट तीव्र. ही दोन द्रव्यं नुसती शेजारी राहिली तर विशेष काही घडत नाही. म्हणूनच किडा ती पोटात घेऊन निवांत फिरू शकतो.

बाहेरची खोली लहान, जाड भिंतीची, कडक. तिच्या भिंतीतल्या पेशी दोन प्रकारची विकरं तयार करतात, कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज. दोन्ही खोल्यांच्या मध्ये झडप. किडा चिडला की आतल्या पिशवीचे स्नायू आवळतात, झडपेतून द्रावणाचा थेंब बाहेरच्या खोलीत येतो आणि विकरांना भिडतो. कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. पेरॉक्सिडेज हायड्रोक्विनोनचं बेंझोक्विनोन करतं. दोन्ही क्रिया भरपूर उष्णता सोडतात. द्रावण उकळीला, म्हणजे 100 अंश सेल्सियसला पोचतं, त्यातला पाचवा हिस्सा जागीच वाफ होतो, आणि ऑक्सिजन व वाफेचा दाब उरलेलं सगळं बाहेर फेकतो. शत्रूला एकाच वेळी तीन गोष्टी मिळतात: उकळतं पाणी, झोंबणारं क्विनोन आणि आवाज. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये हे तापमान मोजून दाखवलं.

फवारा एकसंध धारेचा नसतो. तो तुटक असतो, शेतातल्या डिझेल इंजिनाच्या ठोक्यांसारखा, फक्त ठोके कानाला वेगळे कळणार नाहीत इतके जलद. 1990 मध्ये छापून आलेल्या कामात आयझनर यांच्या गटाने, वेगवान छायाचित्रणाचे जाणकार हॅरॉल्ड एजर्टन यांच्यासोबत, केनियातल्या एका बॉम्बार्डियरचा फवारा चित्रित केला तेव्हा सेकंदाला सुमारे 500 ठोके निघाले. फवाऱ्याचा वेग सरासरी सेकंदाला 10 मीटरच्या आसपास.

एवढ्या वेगाने झडप उघडझाप करणं स्नायूंना जमणारं नाही. मग ती कोण करतं? याचं उत्तर 2015 मध्ये मिळालं. एरिक आर्न्ट, वेंडी मूर, वाह-कीट ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत जिवंत भुंगेरा फवारत असतानाच त्याच्या पोटाचं क्ष-किरण चित्रण केलं. स्फोट झाला की बाहेरच्या खोलीतला दाब झडपेला आणि तिच्याजवळच्या पातळ पडद्याला ढकलून आत येणारा रस्ता बंद करतो. वायू बाहेर गेला, दाब उतरला, की रस्ता आपोआप मोकळा होतो, पुढचा थेंब येतो, पुन्हा स्फोट. किड्याने फक्त पिशवी आवळून धरायची. उरलेलं काम दाबच करतो. या तुटकपणाचा आणखी फायदा असा की दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी खोलीला थंड व्हायला वाव मिळतो. सलग धार असती तर किड्याचं स्वतःचं शरीर भाजलं असतं.

नेमही जबरदस्त. डावा मागचा पाय दाबला तर फवारा डाव्या मागच्या पायाकडे येतो, पुढचा पाय दाबला तर पोटाचं टोक खालून वळून पुढे मारतं. पाठीवर मुंगी चढली तरी तो तिला सोडत नाही. टोकाजवळ दोन छोट्या ढाली क्षणभर बाहेर येतात, त्यांवर आपटून फवारा पाठीच्या दिशेने वळतो. मोठ्या जातीचा भरलेला भुंगेरा वीसेक बार काढू शकतो. त्यानंतर पिशवी रिकामी होते आणि ती पुन्हा भरायला वेळ लागतो. मजा म्हणून त्याला वारंवार फवारायला लावणं म्हणजे त्या रात्री त्याला निःशस्त्र बाहेर सोडणं. मुलांना हे आवर्जून सांगावं.

गिळला तरी संपत नाही

धुऱ्यावर याचे शत्रू म्हणजे बेडूक, भेक (खरबरीत कातडीचे बेडूक), सरडे, पक्षी. जपानच्या कोबे विद्यापीठातले शिंजी सुगिउरा आणि ताकुया सातो यांनी 2018 मध्ये फेरोप्सोफस जेसोएन्सिस हा आपल्या बॉम्बार्डियरचा सख्खा नातेवाईक भेकांना खायला दिला. भेकांनी तो गिळला. मग पोटातून बार झाल्याचा आवाज आला. 43 टक्के भेकांनी भुंगेरा ओकून टाकला, काहींनी 12 मिनिटांत, काहींनी तब्बल 107 मिनिटांनी, आणि ओकलेला प्रत्येक भुंगेरा जिवंत निघाला. ज्यांचं रसायन आधीच संपवलं होतं ते भुंगेरे मात्र जवळपास सगळे पचले. भेक लहान आणि भुंगेरा मोठा असेल तर सुटकेची शक्यता जास्त.

सुगिउरा यांनी बेडकांवर केलेल्या कामात निघालेली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. बार काढू न शकणारा भुंगेराही बहुतेक बेडकांनी जीभ लागताच सोडून दिला. म्हणजे स्फोट हे शेवटचं हत्यार. त्याआधीच अंगाची चव आणि स्पर्श काम करून जातात. उगाच अंगावर धावून येणारा हा किडा नाही. दाबला, चिमटला, पकडला तरच तो फवारतो.

चटका नेमका कुणाचा?

गावातली सगळ्यात मोठी गल्लत इथे होते, आणि ती सोडवायला एक प्रश्न पुरतो: त्रास किती वेळाने सुरू झाला?

त्याच क्षणी चटका, आवाज, मग तपकिरी डाग, तर तो बॉम्बार्डियर. डाग क्विनोनचा असतो. ते कातडीतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून घासून निघत नाही. वरची कातडी झडते तसा काही दिवसांत तो फिका होतो. फोड सहसा येत नाही.

काही तासांनी पाण्याने भरलेला टपोरा फोड आला, आणि दिवसा मूग, उडीद, तूर किंवा भेंडीच्या फुलांत काम झालं असेल, तर तो मायलॅब्रिस, म्हणजे फुलं खाणारा काळा-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा. तो फवारत नाही. दाबला की पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव सोडतो. त्यातलं कॅन्थरिडिन फोड आणतं. हा पिकाच्या फुलांचं नुकसान करतो, म्हणून बाया तो हाताने वेचतात. वेचताना हातमोजे हवेत, निदान हाताला जाड प्लास्टिकची पिशवी. वेचलेले किडे साबणाच्या पाण्यात टाकावे, बोटांनी चिरडू नयेत.

एक-दोन दिवसांनी सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर किंवा कोपराच्या घडीत लाल, जळजळणारा पट्टा दिसला, त्यावर बारीक फोड, तर तो पेडेरस. मुंगीसारखा लांबट, सात ते दहा मिलिमीटरचा, नारिंगी आणि काळा, मध्ये निळसर तुकडा. वर्तमानपत्रांत ‘ॲसिड फ्लाय’ म्हणून छापून येतो तो हाच. हाही भुंगेराच आहे, मात्र वेगळ्या कुळातला. दिव्यावर येतो, अंगावर बसतो, आणि झोपेत आपण त्याला चिरडतो. त्याच्या रक्तातलं पेडेरिन कातडीवर पसरतं. परिणाम उशिरा दिसत असल्यामुळे किड्याची आठवणही राहत नाही, आणि हा लांबट पट्टा पाहून पुष्कळ लोक नागीण समजतात. मग झाडपाला, गेरू, मंत्र असे उपाय चालतात आणि जखम चिघळते. पेडेरस अंगावर बसला तर मारू नये, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करावा. दाबला गेलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवावं आणि तो हात डोळ्याला लावू नये.

बॉम्बार्डियरचा फवारा हातावर उडाला तर वाहतं पाणी आणि साबण एवढंच पुरे. चुना, रॉकेल, खाण्याचा सोडा, लिंबू काहीही लावायचं नाही. आम्लावर चुना लावून ते मारू या, असा विचार करून लोक कातडीवर दुसरी जखम करून घेतात. बॉम्बार्डियरच्या फवाऱ्यात तर मुळात तसं आम्लही नसतं.

डोळ्यात उडालं तर मात्र वेळ घालवू नये. हे सहा ठिपक्यांच्या अँथियालाही लागू आहे, किंबहुना त्याला अधिक. ज्या डोळ्यात गेलं तो डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करायचं, पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या आणि स्वच्छ पाणी नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे वाहू द्यायचं. तांब्याने एक-दोनदा मारलेला हबका पुरत नाही, 15 ते 20 मिनिटं सलग धुवावं लागतं. वावरात असाल तर प्यायच्या पाण्याची कॅन त्यासाठी वापरा, विहिरीपर्यंत जाण्यात मिनिटं जातात. डोळा चोळायचा नाही. दूध, मध, काजळ, घरात पडलेले जुने ड्रॉप घालायचे नाहीत, विशेषतः स्टिरॉइड असलेले. धुऊन झाल्यावरही दुखणं, उजेड सहन न होणं किंवा धूसर दिसणं राहिलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

शाळेत करून दाखवायचं असेल तर

फवारा कुठे पडतो हे कागदावर उमटवता येतं. आयझनर यांच्या प्रयोगांतही हीच युक्ती होती, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत, प्रयोगशाळेत पोटॅशियम आयोडाइड असेल तर, ती जमण्यासारखी आहे. 100 मिलिलिटर पाण्यात 1 ग्रॅम स्टार्च (आरारूटही चालेल) उकळून पातळ खळ करावी, गार झाल्यावर त्यात 1 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवावं. गरम खळीत आयोडाइड टाकू नये. गाळणकागद त्यात बुडवून सावलीत वाळवावा. वापरायच्या आधी कागदावर अगदी विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा हलका हात फिरवावा. क्विनोन आणि उरलंसुरलं पेरॉक्साइड आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतात, आयोडीन स्टार्चला भिडतं आणि फवाऱ्याचा ठसा निळा-काळा उमटतो.

कागद आधीच निळसर झाला तर एक तर तो उन्हात वाळवला, नाहीतर आम्ल जास्त झालं, किंवा आदल्या दिवशी तयार करून ठेवला. त्याच दिवशीचा कागद घ्यावा. ठसा अजिबात उमटला नाही, तर किडा पकडतानाच रिकामा झालेला असतो. त्याला ओलसर माती घातलेल्या डब्यात, झाकणाला बारीक भोकं पाडून, एकट्याला ठेवावं आणि खायला ताजा मेलेला किडा द्यावा. काही दिवसांनी तो पुन्हा भरतो.

पकडायला चिमटा घ्यावा आणि त्याच्या टोकांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवावी, म्हणजे पाय तुटत नाही. भुंगेरा कागदाच्या मधोमध ठेवून डावा मागचा पाय हलकेच दाबा, ठसा डावीकडे मागे येईल. मग उजवा. मुलांना दिशा लगेच कळते. सगळ्यांनी चष्मा किंवा गॉगल घालायचा, तोंड दोन फूट लांब. एका किड्याकडून तीन-चार बारांपेक्षा जास्त मागू नयेत, आणि जिथून आणला त्याच धुऱ्यावर संध्याकाळी सोडावा.

धुऱ्यावर त्याचं काम

फेरोप्सोफसच्या अळीची खाण्याची सवय फार ठरावीक असते. जपानातल्या जेसोएन्सिसची अळी जमीन पोखरणाऱ्या रातकिड्याच्या अंड्यांवर वाढते, त्याच्या बिळातल्या अंड्यांच्या खोलीतच. दक्षिण अमेरिकेतला फेरोप्सोफस एक्विनॉक्टियालिस हाही तसाच, आणि फ्लोरिडात गवताची नासाडी करणाऱ्या याच प्रकारच्या रातकिड्यांवर उपाय म्हणून त्याचा अभ्यास झाला आहे. पुढचे पाय फावड्यासारखे असलेला हा रातकिडा आपल्या धानातही आहे. पऱ्ह्यांच्या वाफ्यात पाणी नसलं की तो मुळं कुरतडतो आणि रोपं वाळून उपटून येतात. बांधीत पाणी भरलं की तो धुऱ्याकडे सरकतो, आणि धुऱ्याच्या मातीत अंडी घालतो. बॉम्बार्डियरही तिथेच राहतो.

यावरून कुणी ‘भुंगेरे सोडा, फवारणी बंद करा’ असं सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. खोडकिडा, तुडतुडे यांवर हा भुंगेरा उपाय नाही, तो जमिनीवरचा प्राणी आहे. पण धुऱ्यावरच्या कोळी, मुंग्या, गोमा आणि शिकारी भुंगेऱ्यांच्या फौजेतला तो एक आहे, आणि फुकट काम करतो.

त्याचं नुकसान तीन गोष्टींनी होतं. पहिली, उन्हाळ्यात धुरे पेटवणं. आग वरच्या थरातली ओल, पाचोळा आणि त्याखाली दडलेले किडे एकदम संपवते. दुसरी, धुऱ्यावर तणनाशक मारून तो बोडका करणं. भुंगेरा तणनाशकाने मरो वा न मरो, सावली गेली की माती तापते आणि त्याला राहायला जागा उरत नाही. तिसरी, बांधीत टाकायची दाणेदार औषधं धुऱ्यावर सांडणं. पाण्यासाठी असलेला दाणा ओल्या मातीत पडला की जमिनीवर फिरणाऱ्या सगळ्यांनाच लागतो.

गवत ठेवलं तर उंदीर होतात, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. मधला मार्ग असा: धुरा खरवडून काढण्याऐवजी गवत विळ्याने 10 ते 15 सेंटिमीटरवर कापायचं. उंदराची बिळं दिसतात, सापही नजरेला पडतो आणि मातीवर सावलीही राहते. धुरे छाटून बांधी वाढवायची हौस आवरावी. निदान मोठे धुरे आणि बोडीचा काठ हात न लावता ठेवावा.

आपल्या वावरात हे भुंगेरे आहेत का, हे पाहायची सोपी पद्धत म्हणजे जुनी कवेलू. घरावर स्लॅब टाकला की घरामागे त्यांचा ढीग पडलेलाच असतो. मोठ्या धुऱ्यावर दर 10 मीटरला एक कवेलू पालथं, खालची माती किंचित मोकळी करून, ओलसर जागी ठेवायचं. आठवडाभर हलवायचं नाही. मग सकाळी उन्हं चढायच्या आधी बघायचं. उचलताना वाकडी तार किंवा काठीचा आकडा वापरायचा, आणि पलीकडची कड उचलून कवेलू आपल्याकडे झुकवायचं, म्हणजे ते आपल्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये ढालीसारखं राहतं. खाली भुंगेराच असेल असं नाही, विंचू किंवा घोणसही असू शकते. हात कधीच घालायचा नाही. मोजणी झाली की कवेलू हळू परत ठेवायचं, आणि किडे कडेला पळाले नसतील तर त्यांना आधी काडीने बाजूला सारायचं.

धुऱ्यावर आणि बांधीच्या आत किती फरक आहे हे पाहायचं असेल तर जमिनीत गाडलेले पेले वापरतात. पाव लिटरचा प्लास्टिकचा पेला, तोंड जमिनीच्या बरोबर पातळीत. काठ अर्धा सेंटिमीटर जरी वर राहिला तरी भुंगेरा वळून जातो, रिकाम्या पेल्यांचं बहुतेक कारण हेच. तळाला सुईने भोकं, म्हणजे झडीत पाणी साचून किडे बुडत नाहीत. आत मूठभर सुका पाला, नाहीतर आत पडलेले किडे एकमेकांना संपवतात. वर तीन खड्यांवर टेकवलेलं कवेलू, दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवून. रॉकेल, फिनाईल, डिटर्जंट काही घालायचं नाही, आपल्याला मोजायचं आहे, मारायचं नाही.

काळ्या मातीत यात एक अडचण हमखास येते. ही माती वाळली की आकसते आणि पेल्याभोवती बोटभर फट पडते, किडे पेल्याऐवजी फटीत उतरतात. भिजली की फुगते आणि पेल्याला वर ढकलते. उपाय म्हणून आधी पेल्याच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा गाडावा, त्याच्याभोवती चाळलेली रेती-माती ठासावी आणि पेला पाइपच्या आत बसवावा. तपासताना पेला तेवढा बाहेर काढायचा, खड्डा बिघडत नाही. रोज सकाळी काठाची माती बोटाने सारखी करावी. पाच पेले धुऱ्यावर आणि पाच आत, एवढे पुरेत. बांधीत पाणी असताना आतले पेले अर्थातच लावता येत नाहीत, ते धान कापल्यावर, लाखोळी किंवा हरभऱ्याच्या वेळी लावावेत. पेले रोज रिकामे करावेत. छोटे बेडूक आणि सरड्याची पिल्लं आत पडतात, त्यांना उन्हं तापायच्या आत बाहेर काढावं लागतं. ज्या दिवशी तपासायला जमणार नाही, त्याच्या आदल्या संध्याकाळी पेल्यांना झाकणं लावून ठेवावीत.